सर्व उंबरे हजर असता

गावाचं नाव मी सांगणार नाही. गडबवरून आत वळलं की दोन किलोमीटरवर आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर मुंबई मंडळ, म्हणजे पोटासाठी मुंबईकडे गेलेल्या आमच्याच गावकऱ्यांचं मंडळ, मला खरमरीत पत्र पाठवील आणि ते पत्र मलाच भर बैठकीत वाचून दाखवावं लागेल, कारण गावमंडळाचा चिटणीस मीच आहे.

रोह्याच्या शाळेत मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. कासूला गाडी पकडायची, रोह्याला उतरायचं, फळ्यावर सनावळ्या लिहायच्या आणि परत यायचं. त्यात दर वर्षी एक मुद्दा यायचा. इंग्रजांच्या काळात इथल्या कायदेमंडळानं कायदा केला, गव्हर्नरनं त्यावर सही केली, तरी लंडनला बसलेल्या राजाला तो कायदा वर्षभरात नामंजूर करता येत असे. दोन गुणांचा प्रश्न. एखादा पोरगा विचारायचाच, "सर, राजाला इथलं काय कळायचं?" मी सांगायचो की ते अभ्यासक्रमात नाही.

निवृत्त झाल्यावर गावमंडळाचं दप्तर माझ्याकडे आलं, त्यात १९३८ सालची मंडळाची घटना होती. ती वाचताना मला हसू आवरेना. घटना लिहिणारे काशिनाथबाबा आमच्याच गावचे, मुंबईला सचिवालयात नकलनवीस कारकून. दिवसभर सरकारी कायद्याच्या नकला करायच्या आणि संध्याकाळी खोलीवर बसून गावाची घटना लिहायची, असा त्यांचा उद्योग असणार. कलम अकरा असं आहे: "गावमंडळाने मंजूर केलेला कोणताही ठराव मंजुरीपासून बारा महिन्यांच्या आत नामंजूर करण्याचा अधिकार मुंबई मंडळास राहील. नामंजुरीचे पत्र सर्व उंबरे हजर असता वाचून दाखवावे. वाचून दाखविल्या तारखेपासून ठराव रद्द समजावा." पस्तीस सालच्या कायद्यातलं राजाचं कलम बाबांनी उचललं होतं. राजाच्या जागी मुंबई मंडळ घातलं, गव्हर्नरच्या जागी गावमंडळ. उंबरे मात्र त्यांचे स्वतःचे.

पुढं राजा गेला, त्याचा कायदा गेला. आमचं कलम अकरा राहिलं, कारण ते काढायला ठराव लागतो आणि तो ठराव मुंबई मंडळाला नामंजूर करता येतो.

खऱ्या राजानं म्हणे हा अधिकार इथं क्वचितच वापरला. आमच्या मुंबईकरांनी तो एकवीस वेळा वापरलाय. गावानं तळ्यात मासे सोडायचं ठरवलं, नामंजूर. होळी रस्त्यावरून हलवून माळावर न्यायचं ठरवलं, नामंजूर. ही माणसं शिमग्याला चार दिवस येतात, गणपतीला पाच दिवस येतात, आणि त्या नऊ दिवसांत गाव त्यांना लहानपणी होतं तसंच दिसलं पाहिजे. बाकीचे तीनशे छप्पन्न दिवस इथं राहणाऱ्यांनी ते तसं ठेवायचं.

आता उंबऱ्याचं सांगतो, कारण गोष्ट त्याचीच आहे. गावात अठ्ठावीस उंबरे आहेत. उंबरा म्हणजे घर, पण नुसतं घर नव्हे. उंबऱ्यामागे बैठकीला एक माणूस बसतो, वालाच्या शेताला तळ्याच्या पाण्याची एक पाळी मिळते, होळीत एक नारळ पडतो. आणि उंबऱ्यातलं माणूस गेलं तर सांगावं लागत नाही. रडण्याचा आवाज आला की प्रत्येक घरातून एक माणूस आपणहून उठतो आणि दारात येऊन उभा राहतो. मात्र घरातला पुरुष गेला आणि मागे मुलगा नसला, तर वर्षभरानं उंबरा बंद होतो. मग ते घर गावकीचं राहत नाही. ते राहतं ग्रामपंचायतीचं. ग्रामपंचायत वेगळी, तिची सरपंच दर्शना आहे, तिच्या सहीशिवाय गावात दिवा लागत नाही. पण गावकीच्या बैठकीत तिच्या सासऱ्यानं बसायचं असतं.

पाच वर्षांपूर्वी गोदूबाई गेली. तिचा उंबरा बंद झालेला. तिची मुलगी नूतन भर उन्हात दारोदार फिरली, प्रत्येक दारात उभी राहून म्हणाली, "आई गेली, येता का?" सगळे गेले, गाव काही दुष्ट नाही. पण ती माझ्या दारात आली तेव्हा मी जेवत होतो. आवाज मी सकाळीच ऐकला होता. बोलावणं येईल म्हणून बसलो होतो, कारण रीत तशी. मला तेव्हा स्वतःची लाज वाटली. तरी मी हात धुऊनच उठलो.

सगुणावहिनी त्या दिवशी नूतनला पाहत होत्या. त्यांचा नवरा गोरख माझ्या बरोबरीचा. दोन वर्षांमागे तो गेला तेव्हा उंबरा चालू होता, उजाडायच्या आत सत्तावीस माणसं अंगणात उभी होती. मुलगा नाही, एकच मुलगी, शिल्पा. एकतीस वर्षांची, लग्न केलेलं नाही, धाटावला एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. शिफ्टप्रमाणे स्कूटीवरून जाते, शिफ्टप्रमाणे येते. गोरखच्या वर्षश्राद्धाला वहिनींनी मला पडवीत बोलावलं आणि म्हणाल्या, "गुरुजी, मना काय पायजे ते सांगू? मी मेल्यावर माज्या पोरीनं दारोदार फिरू नये. येवढंच. बाकी काय मागनं नाय."

मी ठराव लिहिला. "पुत्र नसलेल्या घराचा उंबरा मुलीचे नावे चालू राहील." चोवीस सालच्या पाडव्याला, नऊ एप्रिलला, बैठकीत मांडला. त्या वेळी गोरखचा उंबरा मोजायचा नव्हता, म्हणजे सत्तावीस मतं. सगळ्यात मोठा विरोध हैबतरावांचा. बहात्तर वर्षांचे, भाताची शेती, आवाज असा की मंडपातली चिमणी उडते. "आज पोरगी बसंल, उद्या जावई येऊन बसंल. परवा तो आपल्याला पानी सोडायचं शिकवंल!" चौदा विरुद्ध तेरानं ठराव मंजूर झाला. हैबतराव ताडताड निघून गेले आणि मला महिनाभर रस्त्यात ओळखेनासे झाले.

त्यानंतर अकरा महिने शिल्पा बैठकीला बसली. बैठकीची रीत अशी: चिटणीस उंबऱ्यांची नावं पुकारतो आणि प्रत्येक घरचा माणूस "ओ" देतो. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस आल्याशिवाय आमच्याकडे कागदाला हात लावत नाहीत. कुणी आजारी असेल तर मुलगा येतो, मुलगा नसेल तर भाऊ. पहिल्यांदा मी "गोरखचा उंबरा" पुकारलं तेव्हा शिल्पाची ओ इतकी बारीक आली की हैबतराव म्हणाले, "मांजर हाय का मानूस?" नंतर नंतर ऐकू यायला लागली. हिवाळ्यात वालाला पाण्याची पाळी तिनं बरोबर घेतली, बांध फोडला नाही, कुणाचं पाणी तोडलं नाही. हैबतरावांचं शेत तिच्या शेताला लागून आहे. ते तक्रार शोधत होते, पण सापडली नाही.

जानेवारीत वहिनी मोरीत पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय कमजोर आहे, ऑपरेशन झेपायचं नाही. पडवीत खाट टाकली. आता किती दिवस, हे कुणी बोलत नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं.

पंचवीस फेब्रुवारीला मुंबईचं पत्र आलं.

मुंबई मंडळाचा अध्यक्ष निलेश. कळव्याला राहतो, माणूस सरळ आहे, गावच्या देवळाच्या लाद्या त्यानंच बसवून दिल्या. पत्रात लिहिलं होतं की सदर ठराव कलम अकरान्वये नामंजूर करण्यात येत आहे, आणि यापुढे गावातील मंडळींनी भावनेच्या भरात ठराव करू नयेत. मी फोन केला तर म्हणाला, "गुरुजी, माझा वैयक्तिक विरोध नाय हो. पण एकदा हे चालू झालं की गाव गाव राहील का? तुम्ही रविवारी वाचून टाका. शिमग्याला आम्ही येतोच, त्याच्या आधी मिटू दे."

शनिवारी मी कलम पुन्हा काढलं. नामंजुरी वाचल्यावरच लागू होते, म्हणजे नऊ एप्रिलच्या आत पत्र वाचलं गेलं पाहिजे. सर्व उंबरे हजर असता वाचलं गेलं पाहिजे. आणि वाचलं जाईपर्यंत ठराव चालू आहे, म्हणजे शिल्पाचा उंबरा हा अठ्ठावीसातला एक आहे. ती आली नाही तर उंबरे पुरे नाहीत. उंबरे पुरे नाहीत तर पत्र वाचता येत नाही. बैठक रविवारी असते. नऊ एप्रिलपर्यंत सहा रविवार होते. सहा रविवार शिल्पाला कंपनीत शिफ्ट लागली की मुंबई मंडळाचा अधिकार संपला. मग हा ठराव कुणाच्या बापाला हलवता आला नसता.

मला इतका आनंद झाला की मी चहा दोनदा घेतला. आयुष्यभर मी राजाचं कलम शिकवलं, पण त्यातली फट मला पहिल्यांदा दिसली होती. काशिनाथबाबांनी नक्कल करताना आपली रीत मध्ये घातली आणि राजाचे हात बांधून ठेवले, बहुधा नकळत. मी तडक वहिनींकडे गेलो.

शिल्पा नुकतीच शिफ्टवरून आली होती. तिला सगळं नीट समजावलं. ती हसली. "म्हंजे मी फक्त यायचं नाय? सोपं हाय, गुरुजी. एका मैत्रिणीला रविवार नकोच असतो, तिच्याशी शिफ्ट बदलते."

खाटेवरून आवाज आला, "कुटं यायचं नाय?"

मी परत सगळं सांगितलं, सावकाश. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या. झोपल्या की काय असं वाटलं.

"गाव हाक मारनार," त्या म्हणाल्या, "आनि गोरखच्या घरातनं ओ जानार नाय."

"सहाच रविवार, वहिनी."

"एक का असंना. हे गेले त्या दिवशी सत्तावीस घरची मानसं न बोलावता आली. का आली? ह्यांनी कदी हाक मोडली नाय म्हनून आली. आता मी पोरीला लपवून ठेवू, आनि मी मेले की म्हनू, या रं सगळे?"

"पण वहिनी, ती गेली तर उंबराच जाईल. तुम्हाला जे नको होतं तेच होईल."

"व्हय. कळतंय मना." त्यांना धाप लागली होती. "लपून राखला तर तो उंबरा कसला, गुरुजी? दार बंद केलेलं घर ते."

शिल्पा चिडली. तिनं चिडायलाच पाहिजे होतं. "आये, तुज्यासाठीच चाललंय ना सगळं! मना बैठकीची हौस हाय काय? तू गेल्यावर दारोदार मीच फिरनार हाय, तू नाय!"

"मग फीर," वहिनी म्हणाल्या आणि तोंड भिंतीकडे केलं.

शिल्पा आत गेली. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मी उठलो. मला वहिनींचा राग आला होता, खरं सांगतो. एवढी अक्कल लढवून मी वाट काढली आणि एक आडमुठी बाई त्या वाटेत खाट टाकून पडली होती. घरी आल्यावर तो राग हळूहळू उतरला, आणि खाली जे उरलं ते बघवेना. गोदूबाईच्या दिवशी आवाज ऐकूनही बसून राहिलेला माणूस मीच होतो. आता शिल्पाला घरी बसायला सांगणाराही मीच.

दोन मार्चचा रविवार. मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात चार वाजता सत्तावीस जण जमले. शिल्पा दिसत नव्हती. आदल्या दिवसापासून ती आईशी बोलत नाही, एवढंच दर्शनाकडून कळलं होतं. मी मनात म्हटलं, बरं झालं, पोरगी शहाणी आहे.

पुकारायला सुरुवात केली. अठराव्या नावापर्यंत आलो. मग म्हटलं, "गोरखचा उंबरा."

मी वहीवर बोट ठेवून थांबलो. हैबतरावांनी मान वळवून पाहिलं.

"ओ!"

रस्त्यावरून आली ती ओ. शिल्पा स्कूटी देवळाच्या पायरीशी लावत होती, अंगावर कंपनीचा निळा डगला तसाच. शिफ्ट अर्धी टाकून आली होती. आत येऊन तिनं आपली जागा घेतली आणि माझ्याकडे पाहिलं नाही. मी पुढची नऊ नावं पुकारली. उंबरे पुरे झाले.

मग मी पत्र वाचलं. शिकवताना वाचायचो तसं वाचलं, स्वच्छ आणि सरळ, आवाज कुठं कापू दिला नाही. "भावनेच्या भरात ठराव करू नयेत" इथपर्यंत वाचून खाली ठेवलं. वहीत तारीख आणि वेळ लिहिली. चार वाजून बावीस मिनिटं. ठराव रद्द झाला.

शिल्पा उठली. कुणी तिला ऊठ म्हटलं नव्हतं. पदर नाही, पण पदर सावरावा तसा तिनं डगला ओढला, मंडपाबाहेर गेली आणि पायरीवर बसून चपला घालू लागली. पट्टा काही लागत नव्हता. सत्तावीस बाप्ये तिच्या पाठीकडे बघत बसले होते. मीही त्यांतच. मी गावाचा सगळ्यात शिकलेला माणूस.

"गुरुजी," हैबतराव म्हणाले. "ते परत वाचा. भावनेचं."

मी वाचलं.

"मी तर ठरावाच्या विरोधात होतो. मी कंच्या भरात होतो?"

कुणीतरी हसलं. हैबतरावांना ते आवडलं नाही. ते उठून उभे राहिले. "हसताय काय? कळव्याला बसून हा आपल्याला सांगनार, तुमी इचार न करता ठराव करता. मी त्या वेळेला सगळ्यात जास्ती इचार केला होता. मी म्हनलो, पोरगी येनार नाय, जमायचं नाय, चार दिवसांत कंटाळंल." ते थांबले. "आज तिला म्हाईत होतं ना, काय वाचनार ते?"

"माहीत होतं," मी म्हटलं. "आली नसती तर वाचता आलं नसतं, हेही माहीत होतं."

हे बोलायची खरं तर गरज नव्हती. चिटणिसानं असलं काही बोलू नये. पण बोललो.

हैबतरावांनी कपाळावरचा घाम पुसला. "मुंबैवाल्यांनी नामंजूर केला तो गेल्या साली केलेला ठराव. ह्या साली आपन कुटं केलाय अजून? लिवा. तोच लिवा, अक्षर बदलू नका. मांडनार म्हनून माजं नाव घाला."

घटना मला पाठ आहे. नामंजूर झालेला ठराव पुन्हा मांडू नये असं तिच्यात कुठंही नाही. काशिनाथबाबांनी ज्या कायद्यावरून नक्कल केली त्यातही तशी बंदी माझ्या वाचनात नव्हती. बहुधा राजाला वाटलंच नसेल की एकदा नाही म्हटल्यावर कुणी पुन्हा विचारील.

हैबतरावांनी हे शिल्पासाठी केलं की निलेशवरच्या रागानं, हे मला आजही सांगता येणार नाही. विचारलं तर ते मला शिव्या देतील. हात वर झाले, मी मोजले. बावीस विरुद्ध पाच. उंबरे बदलले की हजेरी नव्यानं घ्यायची, ही चिटणिसाची रीत. मी वहीचं पान उलटलं आणि पहिल्यापासून पुकारायला लागलो. शिल्पा पायरीवरच होती, एक चप्पल पायात, एक हातात. तिच्या नावाशी आलो तेव्हा ती उठली नाही. तिथूनच तिनं उत्तर दिलं, मग चप्पल टाकून आत आली.

बैठक संपवून वहिनींकडे निघालो, तर वाटेतच निलेशचा फोन आला. गावात कुणीतरी त्याचा जासूद आहे. "गुरुजी, हे काय? आम्ही हाही नामंजूर करू."

"करा," मी म्हटलं. "बारा महिने आहेत तुमच्याकडे. पत्र आलं की रविवारी वाचतो."

"आणि मग?"

"मग हैबतरावांना विचारा."

त्यानं फोन ठेवला. मी आणि शिल्पा वहिनींकडे पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. वहिनी टक्क जाग्या होत्या. शेजारची विमलबाई उशाशी बसून त्यांना पेज भरवत होती, ती आम्हाला बघून बाजूला झाली. मी सांगायला तोंड उघडलं: पत्र, नामंजुरी, हैबतराव, बावीस आणि पाच. कुठून सुरू करावं ते ठरवत होतो. वहिनींनी मला हातानं थांबवलं. ठरावाचं काय झालं ते त्यांनी विचारलंच नाही. शिल्पाकडे बघून म्हणाल्या,

"ओ दिलीस का गो?"

शिल्पा खाटेच्या कडेला टेकली. दोन दिवस ती आईशी बोलली नव्हती.

"दोनदा दिली, आये."